फोनवर बोटं पळतात, पण सेव्ह केलेली फाइल सापडत नाही: नववीला कॉम्प्युटर शिकवायचा कुठून?

खडू_आणि_डस्टर (धागालेखिका)

माझा मूळ विषय गणित. यंदा वेळापत्रक हातात आलं तेव्हा माझ्या नावापुढे 'संगणक, नववी' असंही लिहिलेलं. विचारायला गेले तर 'तुम्हाला एक्सेल येतं ना?' एवढंच उत्तर मिळालं. आठवड्याला दोन तासिका, ४० मिनिटांच्या. त्यातली सात-आठ लॅबपर्यंत जाण्यात आणि लॉगिनमध्ये जातात. मशिनं २०, मुलं ४१.

माझी समजूत अशी की ही पोरं फोन हातात घेऊनच मोठी झालीत, आपण त्यांना काय शिकवणार! ती समजूत पहिल्या आठवड्यातच उतरली. एक मुलगी घरी केलेला प्रोजेक्ट दाखवायला पेन ड्राइव्ह घेऊन आली. लावला, उघडला, आत एकच फाइल, जेमतेम दोन केबीची. डबल क्लिक केलं तर मूळ फाइल सापडत नाही असा निरोप. बघते तर चित्राच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. तिनं डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उचलून आणला होता. 'पण मॅडम, घरी तर उघडत होता!' बरोबरच आहे तिचं. फोनवर चित्रावर बोट ठेवलं की वस्तू उघडते, त्यामुळे चित्र हीच वस्तू असं डोक्यात बसलेलं.

मग मी सगळ्यांना साधं काम दिलं. नोटपॅडमध्ये नाव लिहा, सेव्ह करा, बंद करा, परत उघडा. वीस जोड्यांपैकी सहा जोड्यांना ती फाइल परत मिळाली. बाकीच्यांची 'गेली'. एकानं तर मॉनिटरच्या काचेवर बोट घासून पान वर सरकवायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच हसला.

पुस्तकाचा पहिला धडा आहे 'संगणकाच्या पिढ्या'. व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर वगैरे. तो मी तूर्त बाजूला ठेवलाय. पण सुरुवात कुठून करू? टायपिंग? वर्ड? थेट प्रोग्रॅमिंग? ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात उभं राहून शिकवलंय त्यांनी सांगा. 'यूट्यूबवर भरपूर आहे' हा प्रतिसाद कृपया नको.

सेमीकोलन

थेट पायथॉन, म्हणजे खरीखुरी प्रोग्रॅमिंगची भाषा. वर्डमध्ये ठळक-तिरपं करायला शिकवून काय कारकून घडवायचेत? इंग्लंडनं याच कारणासाठी २०१४ साली शाळांतला जुना आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) विषय काढला आणि त्याजागी कॉम्प्युटिंग आणला. त्याआधी २०१२ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीनं एक अहवाल काढून जुन्या विषयाची चांगलीच चिरफाड केली होती. अगदी पहिलीच्या मुलांनाही अल्गोरिदम (काम पायरीपायरीनं करायची कृती) म्हणजे काय ते सांगतात. त्याच्याही कितीतरी आधी, १९६७ मध्ये, सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो भाषा केली. म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग झेपतं हा वाद कधीच मिटलाय. नववी म्हणजे उशीरच झाला म्हणायचा.

जुनी_फ्लॉपी

सेमीकोलन, पायथॉन शिकवा हो, पण ती फाइल मुलं सेव्ह कुठे करणार?

मी वीसेक वर्षं शाळेची लॅब सांभाळली. पायथॉनचे तासही बघितलेत. तिसऱ्या तासाला मास्तर म्हणतात, 'आता ही गुणांची फाइल प्रोग्रॅममधून वाचा', आणि अर्धा वर्ग 'फाइल नॉट फाउंड'वर अडकतो. प्रोग्रॅम बरोबर असतो. प्रोग्रॅम एका फोल्डरात आणि गुणांची फाइल डाउनलोड्समध्ये, एवढंच झालेलं असतं. पण फोल्डर हीच कल्पना नसेल तर हे समजावणार कसं? तेव्हा मास्तरही वैतागतात आणि पोरं म्हणतात पायथॉन अवघड आहे.

खडूताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. सुरुवात 'वस्तू कुठे आहे' इथून करा. पत्ता शिकवा. पाकिटावर पत्ता लिहितो तसाच फाइलचा पत्ता, फक्त उलटा. पाकिटावर आधी माणूस, मग घर, मग गाव. इथे आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, त्यातला फोल्डर आणि शेवटी फाइल.

मी काय करायचो ते सांगतो. सुट्टीत बसून एक फोल्डरांचं जंगल तयार केलं होतं, तीस-चाळीस फोल्डर एकात एक. पहिल्या फाइलमध्ये दुसऱ्या फाइलचा पत्ता, दुसरीत तिसऱ्या. दहाव्या फाइलमध्ये एक शब्द. तो फळ्यावर येऊन लिहायचा. दोन फाइलींना मुद्दाम एकच नाव दिलं होतं, वेगवेगळ्या फोल्डरांत. तिथे पोरं अडकतात आणि तिथेच त्यांना कळतं की नाव वेगळं आणि पत्ता वेगळा.

त्यानंतर कॉपी आणि मूव्ह यांतला फरक. त्यानंतर एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं. विंडोज ते लपवून ठेवतं, आधी व्ह्यूमध्ये जाऊन दिसू द्या. कुणीतरी फोटोच्या नावातलं शेवटचं जेपीजी खोडून पीडीएफ लिहिणारच आणि म्हणणार 'सर, झाली पीडीएफ!' त्याला सांगायचं, भूगोलाच्या पुस्तकाला इतिहासाचं कव्हर घातलं तर आत इतिहास येतो का?

आणि एक नियम, तो तुमच्यासाठी. मुलाच्या माउसला हात लावायचा नाही. कितीही घाई असली तरी. मी राउंड मारताना हात पाठीमागे बांधूनच फिरायचो. आपण माउस धरून 'हे बघ असं' केलं की आपल्याला येतं हे त्याला कळतं, बाकी काही नाही.

वाचनमात्र

माउसचा मुद्दा घरीही लागू आहे. आईला व्हिडिओ कॉल शिकवताना मी हेच करत होतो आणि वर म्हणत होतो 'किती वेळा सांगितलं तुला!' सांगितलं एकदाही नव्हतं, करून दाखवलं होतं फक्त.

पालक_क्र_एक

पण आमचा चिरंजीव तर घरी सगळ्यांचे फोन दुरुस्त करतो. व्हिडिओ एडिट करतो. त्याला फोल्डर शिकवणं म्हणजे पोहणाऱ्याला पाय हलवायला शिकवणं नाही का? 'डिजिटल नेटिव्ह' म्हणतात ते उगाच का?

रिकामी_ओळ

पालक साहेब, तो शब्द मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली एका लेखातून रूढ केला. ऐकायला छान वाटतो, म्हणून टिकलाय. प्रत्यक्ष मोजायला गेलं तर चित्र वेगळं दिसतं. आयईए ही संस्था आठवीच्या मुलांची संगणक-साक्षरता अनेक देशांत तपासते. २०१८ च्या फेरीत सगळ्यात वरच्या पातळीला पोचलेली मुलं होती सरासरी २ टक्के. तुमचा मुलगा त्या दोनांत असेलही. पण व्हिडिओ एडिट करता येणं आणि आपण केलेलं काम सहा महिन्यांनी शोधून दुसऱ्याला नीट देता येणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. आमच्याकडे नव्यानं लागणारी हुशार पोरंही 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरंच शेवटची' अशा नावांच्या फाइली पाठवतात. नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहिली तर यादी आपोआप ओळीनं लागते, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

माझा आग्रह स्प्रेडशीटसाठी आहे, पण आधी फोल्डर होऊ द्या. मग सविस्तर लिहितो.

खडू_आणि_डस्टर

तीन आठवड्यांनी येतेय. जुनी_फ्लॉपी, तुमचं जंगल मी जसंच्या तसं उचललं. रविवार गेला ते तयार करण्यात, पण तास काय रंगला म्हणून सांगू! शेजारच्या वर्गातून सर बघायला आले, इतका गोंधळ.

चौथ्या मिनिटाला एक पोरगा फळ्यावर येऊन शेवटचा शब्द लिहून गेला. मला वाटलं कुणीतरी आधीच फोडलंय. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, तुम्ही फाइली एकामागून एक बनवल्या असणार. मग मी सगळ्या शोधून तारखेप्रमाणे लावल्या आणि शेवटची उघडली.' मी पूर्ण गुण दिले. आता पुढच्या वर्षी शेवटची फाइल सगळ्यात आधी बनवीन.

दोन सारख्या नावांच्या फाइलींवर अपेक्षेप्रमाणे गाडं अडलं. 'मॅडम, हीच फाइल आहे पण आतलं वेगळंय!' वर्गातल्या एकाच नावाच्या दोन मुलींना उभं केलं आणि विचारलं, यांना बोलवायचं तर काय म्हणाल? 'पहिल्या बाकावरची आणि खिडकीजवळची.' झालं की, हाच पत्ता.

आता अडचण वेगळीच आहे. एका मशिनवर दोघं बसतात आणि माउस कायम एकाच्याच हातात. दुसरा किंवा दुसरी बघत बसते. मुलगा-मुलगी जोडी असेल तर माउस कुणाकडे असतो ते सांगायला नकोच. काय करता यावर?

सेमीकोलन

यावर आमच्या धंद्यात तयार उत्तर आहे. दोन प्रोग्रॅमर एका मशिनवर बसतात तेव्हा एक चालक असतो आणि एक वाटाड्या. चालकाच्या हातात कीबोर्ड-माउस, पण काय करायचं ते वाटाड्यानं सांगायचं. चालकानं स्वतःच्या मनानं काही करायचं नाही. दर सात मिनिटांनी घंटा आणि अदलाबदल. ज्याला जास्त येतं त्याला पहिल्यांदा वाटाड्या करा. त्याला तोंडानं सांगावं लागतं, 'वरती उजवीकडे ते तीन ठिपके', आणि मग त्याच्या लक्षात येतं की त्या गोष्टींची नावंच आपल्याला माहीत नाहीत.

बाकी, जुनी_फ्लॉपी यांचा 'फाइल नॉट फाउंड'चा टोमणा मान्य. माझ्या पुतण्याला शिकवताना नेमकं तेच झालं. पायथॉनवर परत येईन.

अर्धी_मात्रा

टायपिंगबद्दल कुणीच बोलेना. मी भाषा शिकवते, टायपिंग स्वतः रीतसर शिकलेय. प्रत्येक तासाला पहिली फक्त आठ मिनिटं द्या, मशिनं सुरू होऊन लॉगिन होईपर्यंत निम्मी जोडगोळी रिकामीच बसते. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे डोळे मिटून शोधायला सांगा. पोरांना ते उंचवटे आहेत हेच माहीत नसतं, जादू बघितल्यासारखे चेहरे करतात. वेगाचं नाव काढू नका. आधी अचूकपणा, वेग मागून येतो.

आणि मराठी टायपिंग कृपया टाळू नका. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणं सोपं आहे, चालू द्या, पण एकदा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी) दाखवा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबलं की 'ख'. मुळाक्षरं ज्या शिस्तीनं बसवलीत ती शिस्त कळफलकावर दिसते. माझ्या वर्गातल्या दोघींनी रोमनचा नाद सोडलाच.

याच्यातून एक भारी प्रयोग निघतो. नोटपॅडमध्ये इंग्रजी ए एकदाच टाइप करून फाइल सेव्ह करा आणि प्रॉपर्टीजमध्ये साइझ बघा: १ बाइट. दुसऱ्या फाइलमध्ये फक्त 'क': ३ बाइट. तिसरीत 'कि': ६ बाइट. (बाजूच्या 'साइझ ऑन डिस्क'कडे तूर्त काणाडोळा करा.) मग मुलंच विचारतात की 'कि' तर एकच अक्षर दिसतंय, सहा का? कारण यूटीएफ-८ (अक्षरं आकड्यांत साठवायची आजची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह आहे. पुढे तीच फाइल जुन्या एएनएसआय पद्धतीनं सेव्ह करून परत उघडली की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. 'मराठी अक्षरं का फुटतात' याचं उत्तर ती जन्मभर विसरणार नाहीत.

खडू_आणि_डस्टर

बाप रे, हे मलाच माहीत नव्हतं. 'कि' सहा बाइट! उद्याच करते. गणितवालीला हे दिलंत म्हणजे आता माझ्याकडून आवरणार नाही.

रिकामी_ओळ, तुमचं स्प्रेडशीट राहिलंय. आमचा पहिला तास कालच झाला. दहा विद्यार्थ्यांचे गुण दिले होते, बेरीज काढा म्हटलं. एका मुलीनं गुण सुंदर रकान्यात भरले, रंग दिला, मग दप्तरातून कॅल्क्युलेटर काढला, बेरीज केली आणि खालच्या चौकटीत ४१२ टाइप केले. उत्तर बरोबर! मी तिच्या तिसऱ्या ओळीतले ३८ पुसून तिला ८३ लिहायला सांगितलं. खाली ४१२ तसेच. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग म्हणाली, 'याला कळलंच नाही का मॅडम?'

रिकामी_ओळ

'याला कळलंच नाही का' यातच सगळं आलं. स्प्रेडशीटच्या चौकटीत आकडा लिहिता येतो किंवा आकड्यांमधलं नातं लिहिता येतं. १९७९ साली व्हिसीकॅल्क हे स्प्रेडशीट आलं आणि लोकांनी केवळ त्याच्यासाठी कॉम्प्युटर विकत घेतले, ते या दुसऱ्या गोष्टीमुळे: एक आकडा बदला, बाकीचं सगळं आपोआप हलतं. त्या मुलीनं टाइप केलेले ४१२ खोडून तिथे सम (SUM, बेरजेचा फॉर्म्युला) वापरायला लावा आणि पुन्हा ३८ चे ८३ करायला सांगा. ४१२ चे ४५७ होताना बघणं हा पहिला धडा. फॉर्म्युल्यांची यादी फळ्यावर लिहू नका. बेरीज, सरासरी, जास्तीत जास्त, कमीत कमी आणि इफ (अट घालणारा). वर्षभर पुरतात. डॉलरचं चिन्ह लावून पत्ता गोठवणं जरा उशिरा, फॉर्म्युला खाली ओढल्यावर चुकीची उत्तरं आल्यानंतरच. आधी शिकवलं तर पाठ करतात.

आणि चुका दाखवा. मुलांना मोठ्यांच्या चुका फार आवडतात. तीन माझ्या ठेवणीतल्या:

इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोविडचे जवळजवळ १६ हजार रुग्ण अधिकृत आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली यादी जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्यात एका शीटवर ६५,५३६ च ओळी मावतात. पुढच्या ओळी बाहेर राहिल्या. नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. तुम्ही गणिताच्या आहात, हे दोन्ही आकडे दोनाचे कितवे घात आहेत ते मुलांकडून काढून घ्या.

दुसरी चूक जनुकांची. मार्च१, सेप्ट१ अशी मानवी जनुकांची नावं होती. एक्सेल त्यांची परस्पर तारीख करून टाकायचं. इतकी वर्षं इतक्या शोधनिबंधांत हा घोळ झाला की २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदललं नाही, जनुकं बदलली! यावरून चौकटीला 'टेक्स्ट' प्रकार आधी द्यायचा हे शिकवता येतं. रोल नंबरच्या आधीची शून्यं उडतात तेही याच कारणानं.

तिसरी सगळ्यात चांगली, कारण चूक पकडणारा विद्यार्थी होता. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांचा सरकारी कर्जावरचा २०१० चा निबंध जगभर गाजला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला गृहपाठ म्हणून त्यातली आकडेमोड पुन्हा करून बघायची होती. जुळेना. मूळ शीट मागवली तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात वीसपैकी पाच देश धरलेच नव्हते, निवड आधीच संपली होती. आक्षेप इतरही होते, पण २०१३ मध्ये गाजली ती ही चूक. तुमच्या मुलांना मुद्दाम शेवटच्या दोन ओळी सोडलेली सरासरी द्या आणि म्हणा, शोधा.

अवांतर: १ जानेवारी १९०० म्हणजे एक, असं धरून एक्सेल तारखा मोजतं. पण १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली चूक, त्याच्याशी जुळवून घ्यायला मुद्दाम तशीच ठेवलेली.

जुनी_फ्लॉपी

वा! वाचनखूण साठवली.

एक पुरवणी. लॅब बंद पडली, वीज गेली, की मुलं 'ऑफ तास' म्हणून ओरडतात. तेव्हासाठी पाच कार्डं कपाटात ठेवा: १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची. पाच मुलं रांगेत उभी करा, मागून कुणीतरी आकडा सांगायचा, त्याप्रमाणे कार्ड पुढे किंवा पालथं. शून्यापासून ३१ पर्यंत मोजून दाखवा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि मंडळींनी 'सीएस अनप्लग्ड' म्हणून असे बिनकॉम्प्युटरचे खेळ जमवलेत, फुकट आहेत. माझ्याकडच्या एक ठिपकावाल्या पोराची फार दमछाक व्हायची, दर आकड्याला कार्ड फिरवावं लागतं. १६ वाला मात्र निवांत.

पालक_क्र_एक

आता मी जरा नरमलोय. चिरंजीवांना त्यांचाच महिन्यापूर्वीचा व्हिडिओ शोधायला सांगितला. वीस मिनिटं झाली, अजून शोधतायत.

पण एक गोष्ट शिकवाच: पासवर्ड. सगळीकडे एकच पासवर्ड, आणि तो जिवलग मित्राला सांगितलेला. विचारलं तर म्हणतो, 'विश्वास नाही असं वाटेल त्याला.'

सेमीकोलन

यात आपल्या पिढीनंही चुकीचं शिकवलंय. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर महिन्याला बदला. त्यातून लोक शेवटी १, २, ३ लावत बसले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ मध्ये आपलाच सल्ला फिरवला: लांबी महत्त्वाची, उगाच ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, आणि फुटलेल्या यादीतले पासवर्ड नाकारा. मुलांना चार-पाच असंबद्ध शब्दांचं वाक्य करायला सांगा. मित्राला सांगण्याबद्दल मात्र तांत्रिक उत्तर नाही माझ्याकडे.

आता पायथॉन. मी पुतण्यावर प्रयोग केले त्यातून दोन गोष्टी. एक, कोरी स्क्रीन द्यायची नाही. सू सेन्टन्स आणि सहकाऱ्यांची प्रिम म्हणून पद्धत आहे: आधी सात-आठ ओळींचा तयार प्रोग्रॅम द्यायचा, तो काय करेल ते वहीत लिहायचं, मग चालवायचा, मग एकेक ओळ उकलायची, मग थोडा बदलायचा आणि शेवटी स्वतःचा लिहायचा. अंदाज वहीत लिहून घेणं सोडू नका, नाहीतर सगळे 'मला माहीतच होतं' म्हणतात. दोन, बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी कागदावर छापून कापा, पिसा आणि जोड्यांना क्रमानं लावायला द्या. यांना पार्सन्स कोडी म्हणतात. टायपिंगच्या चुकांचा त्रास नाही, डोकं फक्त क्रमाकडे. आणि लाल अक्षरांत एरर आली की मोठ्यानं वाचून दाखवायची, शेवटच्या ओळीपासून. मुलं एरर दिसताच खिडकी बंद करतात, जणू कुणी रागावलंय.

अर्धी_मात्रा

आणि प्रोजेक्ट चॅटबॉटकडून लिहून आणतात त्याचं काय? माझ्याकडे चार निबंध आले, चारही 'आजच्या वेगवान युगात' या शब्दांनी सुरू.

खडू_आणि_डस्टर

अर्धी_मात्रा, मी घरून आणलेल्या प्रोजेक्टला गुण देणंच बंद केलं. घरून आणा, हवं तसं आणा, गुण समोर बसून बदल करण्याला. 'ही जी सरासरी आहे ती फक्त पास झालेल्यांची काढून दाखव.' ज्यानं स्वतः केलंय किंवा बॉटकडून करून घेऊन समजून घेतलंय, त्याला पाच मिनिटं लागतात. बाकीचे छताकडे बघतात.

सहामाहीची प्रात्यक्षिक परीक्षाही तशीच घेतली. प्रत्येकाला एक बिघडलेलं फोल्डर दिलं. आत शॉर्टकट आहे पण फाइल दुसरीकडे. एका फाइलचं एक्स्टेन्शन चुकीचं. एका शीटमध्ये टाइप केलेली बेरीज. एका सरासरीत शेवटच्या दोन ओळी गळालेल्या (आभार, रिकामी_ओळ). एका निबंधात शीर्षक मधोमध आणायला चाळीस वेळा स्पेसबार दाबलेला आणि नवं पान यायला एंटरची माळ. दुरुस्त करा आणि वहीत लिहा काय बिघडलं होतं. पुस्तकातले प्रश्न विचारले असते तर पहिले आले असते ते यात मधे अडकले, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारे दोघं सगळ्यात आधी उठले. हेड सरांना मार्कांची यादी पटेना, मी फोल्डरच त्यांच्यासमोर उघडून दिला. त्यांनी एंटरची माळ पाहिली आणि विचारलं, 'मग नवं पान कसं आणायचं?'

शोध घेण्याचा भाग दुसऱ्या सत्रात घेतेय. स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग यांच्या गटानं बघितलं होतं की अनुभवी तथ्य-तपासनीस अनोळखी साइटवर फार वेळ थांबतच नाहीत, लगेच नवा टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते शोधतात. विद्यार्थी आणि चक्क इतिहासाचे प्राध्यापकसुद्धा त्याच पानावर खालपर्यंत वाचत बसले. टॅबची ही सवय लावता आली तर बघते.

आणि हो, ती शॉर्टकटवाली. गेल्या आठवड्यात तास संपल्यावर थांबली. 'मॅडम, फोनमध्ये फोल्डर नसतात का?' फोन केबलनं मशिनला जोडला. ती डीसीआयएममध्ये (फोटोंच्या फोल्डरात) गेली, त्यातल्या कॅमेऱ्यात, आणि फोटो एकामागून एक उघडायला लागली. मग मागे फिरून मेसेजमधून आलेल्या फोटोंचं वेगळं फोल्डर शोधलं, त्याची साइझ बघितली आणि ओरडलीच, 'जागा यानं खाल्लीय होय!' दुसऱ्या दिवशी आठ-दहा जणी केबल घेऊन हजर. परवानगी काढायला हवी होती, काढली नव्हती, त्याबद्दल बोलणी खाल्ली.

आता त्यांचा पुढचा प्रश्न आलाय: क्लाउडमधली फाइल कुठल्या ड्राइव्हवर असते? शुक्रवारपर्यंत उत्तर तयार करायचंय. जुनी_फ्लॉपी, पाकिटाच्या पत्त्यात हे बसेल का हो?

जुनी_फ्लॉपी

बसेल. दुसऱ्याच्या घरी भाड्यानं घेतलेलं कपाट. पत्ता आपल्याकडे, किल्ली आपल्याकडे, पण घर दुसऱ्याचं. घर नक्की कुठे आहे ते विचारलं तर सांगा, कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या डिस्कवर, आणि बहुधा एकाहून जास्त ठिकाणी एकेक प्रत. मग त्या तारखेप्रमाणे लावणाऱ्या पोराला विचारा, एक प्रत बदलली तर दुसरीला कसं कळत असेल? तो शनिवार-रविवार झोपणार नाही.